मेंदूत जंतू शिरतो कुठून?

जर्मन वैद्यक-संशोधक पॉल एर्लिख यांनी १८८०च्या दशकात प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून पाहिला. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. पुढे १९१३ मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी उलटा प्रयोग केला आणि निळा रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. या वेळी मेंदू निळा झाला, बाकीचे शरीर कोरे. मेंदूला रंगाचे वावडे नव्हतेच. मध्ये भिंत होती.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातले जंतू सहसा अलीकडेच अडतात. पण आजार झाला की हीच सोय अंगाशी येते. मेंदूभोवतीच्या पाण्यात पांढऱ्या पेशी जेमतेम असतात, प्रतिपिंडेही थोडीच. जंतू एकदा आत गेला की त्याला मोकळे रान मिळते, आणि बरीच औषधे मात्र बाहेरच ताटकळतात.

मेनिंगोकॉकस हा जिवाणू सुमारे १० टक्के माणसांच्या नाका-घशात काही त्रास न देता राहत असतो. क्वचित तो रक्तात उतरतो, आपल्या बारीक तंतूंनी केशवाहिनीला आतून चिकटतो आणि पेशींमधले सांधे सैल करून पलीकडे जातो. हाच मेंदूज्वर. मग ताप, असह्य डोकेदुखी, मान आखडणे, उजेड सहन न होणे. मेंदूला सूज येते, कवटी तर ताणत नाही, त्यामुळे आतला दाब वाढत जातो. धडधाकट माणूस २४ तासांत दगावू शकतो.

निदानासाठी मेंदूभोवतीचे हेच पाणी पाठीतून काढावे लागते. या तपासणीची भीती फार. ‘पाय जातील’ म्हणून नातेवाईक सही द्यायला तयार होत नाहीत. खरे तर प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास घालतात. तिथे फक्त सुट्या नसा पाण्यात तरंगत असतात. निरोगी माणसाचे हे पाणी नितळ असते. जिवाणूंचा मेंदूज्वर असेल तर ते गढूळ येते आणि त्यातली साखर घटलेली असते. ही तपासणी लांबणार असेल, तर प्रतिजैविक तिच्यासाठी थांबवून ठेवत नाहीत. इथे एकेक तास मोलाचा असतो.

रेबीजचा विषाणू रक्ताची वाट धरतच नाही. चाव्यातून तो स्नायूत उतरतो, तिथल्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि चेतापेशी दूरच्या टोकाकडचा माल आत आणायला जी प्रथिने वापरते, त्यांच्यावरच स्वार होतो. मज्जातंतूच्या आत असल्यामुळे प्रतिकारशक्तीला त्याचा पत्ता लागत नाही. मेंदू गाठायला बहुधा २ ते ३ महिने, कधी आठवडाभर, क्वचित वर्षाहूनही जास्त काळ लागतो. चेहऱ्यावर किंवा डोक्यावर चावा असेल तर अंतर कमी, म्हणून धोका जास्त.

चावल्यानंतर दिलेली लस उपयोगी पडते, ती याच अवधीमुळे. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला अशीच लस द्यायला सुरुवात केली आणि तो वाचला. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुणे हाही खरा उपचार आहे: या विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध असते आणि साबणाने ते फाटते. शिवाय लस, आणि जखम गंभीर असेल तर तिच्यात इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र वाचलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. ओरखडा लहान आहे म्हणून वाट पाहत बसू नये, हे मी ज्याला त्याला सांगत असतो.

कांजिण्यांचा विषाणू आणखी चिवट. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मणक्याशेजारच्या चेतापेशींच्या गाठींत दशकानुदशके दडून राहतो आणि उतारवयात एखाद्याच मज्जातंतूवरून त्वचेकडे येतो. म्हणून नागिणीचा पट्टा शरीराच्या एकाच बाजूला उठतो. विषाणूविरोधी गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत चांगले.

कुष्ठरोगाचा जिवाणू सर्वांत संथ. दुप्पट व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्याला थंडावा मानवतो, म्हणून तो त्वचेलगतच्या नसा धरतो. कोपराच्या आतल्या अंगाची नस जाड झालेली बोटांनी चाचपता येते. पण सुरुवातीचा फिकट, बधिर चट्टा दुखत नाही, खाजत नाही, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो. औषधांनी जिवाणू मरतात आणि रोग पूर्ण बरा होतो. मात्र उशीर झाला असेल तर बोटांची गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही.