निवडणूक आश्वासने आणि नागरी सेवा (नाशिक)

पाणी, रस्ते, मलनिस्सारण, शहर बस या सेवांबद्दल जाहीरनाम्यात दिलेली वचने सत्ता मिळाल्यावर मागे पडणे हा प्रकार नाशिकने महापालिकेच्या लागोपाठच्या निवडणुकांत अनुभवला आहे. त्यात एकाच पक्षाकडे बोट दाखवता येत नाही.

2012 मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेना 122 पैकी 40 जागा मिळवून सर्वांत मोठा पक्ष ठरली आणि महापौरपदही तिच्याकडे गेले. गोदावरीकाठच्या गोदापार्क या उद्यानाचा गाजावाजा झाला. ऑगस्ट 2016 च्या पुरात त्याची मोठी नासधूस झाली. 2017 मध्ये मतदारांनी भाजपला 66 जागा दिल्या. त्या प्रचारात देवेंद्र फडणवीस यांनी नाशिक दत्तक घेण्याची घोषणा केली होती. पुढे टायरवर धावणाऱ्या मेट्रो निओसाठी 2021-22 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटी रुपये जाहीर झाले, पण 2024 संपेपर्यंत तिच्या बांधकामाला सुरुवात झाली नव्हती. शहर बससेवा मात्र 8 जुलै 2021 पासून महापालिकेने चालवायला घेतली, हेही नोंदवले पाहिजे.

वचन फसते कुठे, हे पाण्याच्या बाबतीत स्पष्ट दिसते. शहराची तहान मुख्यतः गंगापूर धरणावर भागते. धरण जलसंपदा विभागाचे, त्यातले आरक्षण दरवर्षी ठरायचे, आणि तुटीच्या वर्षी समन्यायी (सर्वांना न्याय्य वाटा देणाऱ्या) वाटपाच्या कायद्यानुसार गोदावरीवरच्या खालच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडावे लागते. तरीही ‘मुबलक पाणी’ हे शब्द प्रभागाच्या पत्रकावर बिनदिक्कत छापले जातात. उमेदवाराला हे ठाऊक नसते असे मानणे कठीण आहे.

दुसरे कारण पैशांचे. मंजूर झालेल्या पण बिल चुकते न झालेल्या कामांच्या बोजाला महापालिकेत ‘दायित्व’ म्हणतात. जुने दायित्व नव्या अंदाजपत्रकावर येऊन बसते. नगरसेवक नारळ फोडतो, फलक लागतो. मात्र प्राकलन (खर्चाचा अंदाज), निविदा, स्थायी समिती, कार्यारंभ आदेश ही वाट पुढे बाकीच असते. तोवर पावसाळा येतो, खड्ड्यात मुरूम पडतो आणि एका जोरदार सरीत तो वाहून जातो. देखभालीच्या तरतुदीचा नारळ कोणी फोडत नाही, म्हणून ती जाहीरनाम्यातही क्वचितच असते. गोदावरीचे तेच: शहरातल्या दसक-पंचक भागात पाणवेली दरवर्षी काढावी लागते, कारण नाल्यांतून येणारे सांडपाणी थांबलेले नाही.

कायद्याचा आधार तोकडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या सुब्रमण्यम बालाजी खटल्यात जाहीरनाम्यातील आश्वासने 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरण ठरत नाहीत असे सांगितले, पण जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे करण्याचा आदेश निवडणूक आयोगाला दिला. त्यानुसार आश्वासनासाठी पैसा कुठून येणार हे ढोबळपणे सांगणे आचारसंहितेत अपेक्षित आहे. वचन मोडले म्हणून पक्षाला कोर्टात खेचता येत नाही. उलट, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण ही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार महापालिकेची बंधनकारक कामे आहेत. जे कर्तव्यच आहे तेच आश्वासन म्हणून विकले जाते, ही या प्रकारातली सर्वांत चीड आणणारी बाब.

मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळात प्रभागातल्या माणसाला जाब विचारायला नगरसेवक नव्हता, आणि जुन्या जाहीरनाम्याचे काय झाले हे महासभेत विचारणारेही कोणी नव्हते.