स्थावर मालमत्ता दलाल, गोवा : नोंदणी, शिक्षण व आचारनियम

घर, सदनिका किंवा भूखंड विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देऊन मोबदला घेणाऱ्याला कायद्याच्या मराठीत ‘स्थावर संपदा अभिकर्ता’ म्हणतात. गोव्यात हा शब्द कोणाच्या तोंडी नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत तो ‘एजंट’ नाहीतर ‘दलाल’, आणि त्याला मिळते ती दलाली किंवा कमिशन. हा धंदा करायला परवाना लागतो का, या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र साधे नाही. काय विकले जात आहे, त्यावर ते ठरते.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच ‘रेरा’ १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि दलालाच्या कामाला प्रथमच नोंदणीची अट आली. गोवा सरकारने त्याखालचे नियम २०१७ मध्येच केले. या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे कार्यालय पणजीत पाट्टो भागात आहे. अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्या मुद्दाम सैल ठेवली आहे: प्रॉपर्टी डीलर, दलाल, मध्यस्थ, नाव काहीही लावा, प्रकल्पातील सदनिका वा भूखंडाच्या व्यवहारात बोलणी करून फी घेतली की तो अभिकर्ता.

या व्याख्येत ‘प्रकल्प’ हा शब्द कळीचा आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सर्व टप्पे धरून सदनिका आठांहून जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. आणि दलालाची नोंदणी बांधलेली आहे ती नोंदणीकृत प्रकल्पाशी. त्यामुळे पर्वरीतल्या नव्या इमारतीतला फ्लॅट विकून देणाऱ्याला नोंदणी हवी. साळगावातले जुने कौलारू घर, डिचोलीतली काजूची बाग किंवा हणजुणेतला भाड्याचा बंगला मिळवून देणाऱ्याला मात्र ती नको. गोव्यातली फसवणुकीची गाजलेली प्रकरणे पाहिली, तर ती बहुतेक या दुसऱ्या गटातली आहेत. नियमनाची मोठी फट इथे आहे.

नोंदणी व्यक्तीला मिळते तशी भागीदारी संस्थेला वा कंपनीलाही मिळते. ती पाच वर्षांसाठी असते आणि नंतर नूतनीकरण करावे लागते. तिचा अंमल त्या राज्यापुरताच. महाराष्ट्रातून येताना पत्रादेवीचा नाका ओलांडला की महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राच्या प्राधिकरणाचा, क्रमांक उपयोगाचा राहत नाही. बांदा किंवा सावंतवाडीत बसून मोपा विमानतळाभोवतीच्या प्रकल्पांत गिऱ्हाईक आणणाऱ्याला गोव्याची वेगळी नोंदणी घ्यावी लागते. मुंबई-पुण्याच्या एजंटांनाही तेच. गोव्यात एजंटाचा क्रमांक ‘एजीजीओ’ने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पीआरजीओ’ने. जाहिरातीवरचा क्रमांक कोणाचा, हे या अक्षरांवरून ओळखता येते. बिल्डरचा क्रमांक छापून स्वतःही नोंदणीकृत असल्याचा आव आणणारे कमी नाहीत.

आचारनियम कलम १० मध्ये आहेत. नोंदणी नसलेल्या पण नोंदणीस पात्र प्रकल्पातली जागा दलालाने विकायला घेऊ नये. हिशेब आणि कागदपत्रे राखावीत. आपल्याला किंवा बिल्डरला नसलेली मान्यता असल्याचे सांगू नये, द्यायचीच नाही अशा सेवेची जाहिरात करू नये. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काची सर्व माहिती आणि कागद मिळतील हे त्याने पाहायचे असते. तोंडाने ‘ओसी महिन्याभरात येतेय’ म्हणणे ही गोव्यातली नित्याची बोली. पण ओसीचा, म्हणजे भोगवटा दाखल्याचा, अर्जच झालेला नसताना असे सांगितले, तर ती या कलमाखालची दिशाभूल ठरू शकते.

कलम ९ (नोंदणीची सक्ती) किंवा १० मोडल्यास दंड दिवसाला १०,००० रुपये, आणि कमाल मर्यादा विकलेल्या जागेच्या किमतीच्या ५ टक्के. फ्लॅट ८० लाखांचा असेल, तर मर्यादा ४ लाख. ती चाळिसाव्या दिवशी गाठली जाते. एवढ्या व्यवहारावर एका बाजूने दोन टक्के मिळाले, तर दलाली १ लाख ६० हजार होते. म्हणजे दंडाची मर्यादा कमाईच्या अडीचपट. दलालीचा दर मात्र कायद्याने ठरवलेला नाही, तो ज्याच्या त्याच्या बोलीवर.

शिक्षणाची बाजू सर्वांत लंगडी आहे. केंद्रीय अधिनियमात दलालासाठी शैक्षणिक पात्रता किंवा परीक्षा नाही. अर्ज, फी आणि कागद पुरतात. महाराष्ट्राने जानेवारी २०२३ च्या आदेशाने २० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. अमेरिकेत हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. टेक्सासमध्ये विक्री एजंट व्हायला १८० तासांचे वर्ग लागतात. पण दुसरीकडचा अभ्यासक्रम आयता आणला तरी गोव्यात तो अपुरा पडेल, कारण इथल्या जमिनीचे कागदच वेगळे.

उदाहरणार्थ, खेड्यातल्या जागेचा ‘एक-चौदा’चा, म्हणजे सातबारासारखा, उतारा. नवखा एजंट कब्जेदाराचे नाव वाचतो आणि थांबतो. जाणता माणूस आधी कुळाचा रकाना पाहतो, मग इतर हक्कांचा. कुळाचे नाव निघाले की १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती समोर येते. आवारात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कुटुंब दिसले, की १९७५ चा मुंडकार कायदा. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणारा. घर आणि त्याभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला आहे, भाटकाराने ते सांगितले नाही तरी. शिवाय एक-चौदा हा सर्वेक्षणाचा दाखला आहे, मालकीचा दस्त नव्हे. त्यातली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी धरतात. मालकीचा माग काढत मागे गेले, की निबंधकाकडच्या पोर्तुगीज भाषेतल्या नोंदी लागतात आणि त्या वाचायला जाणकार शोधावा लागतो.

वारशाचाही प्रश्न आहे. गोव्याच्या दिवाणी कायद्यात सर्वसाधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे विक्रीखतावर दोघांची सही लागते, जागा कोणाच्याही नावावर असो. मालक वारला की वारसांची ‘इन्व्हेंटरी’ (वारसा-वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) होऊन वाटे पडावे लागतात. पाच भावंडांपैकी दोन लिस्बनला आणि एक मस्कतला असेल, तर ‘सगळे तयार आहेत’ या एजंटाच्या शब्दाला किंमत नाही. भातशेतीच्या जमिनीवर २०२३ च्या कायद्याने आणखी बंधने आली. शेतकरी नसलेल्याला ती सरसकट विकता येत नाही. कोमुनिदादीच्या (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेच्या) जमिनीचे नियम स्वतंत्र आहेत, त्यात इथे शिरायला नको.

जुन्या काळातले बनावट दस्त वापरून परदेशी असलेल्या वा वारस नसलेल्या मालकांच्या जमिनी लाटल्याच्या तक्रारी वाढल्यावर राज्य सरकारने २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही बसवला. अशा व्यवहारांत ‘मुखत्यारपत्र आहे, काळजी नको’ हे वाक्य हमखास येते. नुसत्या सर्वसाधारण मुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

रेराबाहेरचा दलाल अगदी मोकळा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील अभिकरणाचे (दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचे) प्रकरण त्याला लागू आहे. ज्याचे काम घेतले त्याला न सांगता एजंटाने तीच जागा स्वतःसाठी घेतली, तर तो मालक व्यवहार नाकारू शकतो. वेगळा करार नसेल तर काम पुरे झाल्याशिवाय दलाली मागता येत नाही, आणि गैरवर्तन केलेल्या भागापुरती ती बुडते. दोन्ही बाजूंकडून दलाली घेण्याची रीत गोव्यात आहे. ती दोघांना माहीत असेल तर ठीक; लपवली तर भांडणाचे मूळ तेच. वार्षिक उलाढाल २० लाखांवर असलेल्या दलालांवर डिसेंबर २०२० पासून काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली ग्राहकाची ओळख पटवून नोंदी ठेवण्याची जबाबदारीही आहे.

नोंदणीकृत प्रकल्पाबाबत बाधित व्यक्ती कलम ३१ खाली बिल्डरप्रमाणेच दलालाविरुद्धही प्राधिकरणाकडे तक्रार करू शकते. नोंदणी खोटी माहिती देऊन मिळवलेली असेल किंवा अटी मोडल्या असतील, तर बाजू ऐकून ती रद्द करता येते. जुन्या घराच्या किंवा सुट्या जमिनीच्या व्यवहारात हे दार बंद असते. तिथे दिवाणी न्यायालय, ग्राहक आयोग नाहीतर पोलीस ठाणे गाठावे लागते.