यामातो

यामातो : एक प्राचीन जपानी नाव. त्याचा मूळ धनी म्हणजे आजच्या नारा प्रीफेक्चरमधला (प्रशासकीय विभागातला), डोंगरांनी वेढलेला सखल मुलूख. तिथून ते एका राजघराण्याच्या सत्तेला लागले, मग प्रांताला, सबंध देशाला, लोकसमूहाला, चित्रशैलीला, मनोवृत्तीला, युद्धनौकेला आणि घरपोच पार्सले पोचवणाऱ्या कंपनीलाही. मराठीत ‘देश’ म्हणजे घाटावरचा मुलूख आणि ‘देश’ म्हणजे राष्ट्रही. यामातोचा पसारा त्याच जातीचा, पण कितीतरी मोठा. या नावाच्या वारसदारांची दोन घराणी पाडता येतात. एकाने उच्चार घेतला, दुसऱ्याने तो ज्या अक्षरांत लिहितात ती अक्षरे घेतली. नकाशावर यामातो शोधू लागलेला माणूस गोंधळतो तो हा भेद ठाऊक नसल्यामुळे.

उच्चार जुना, अक्षरे नवी. ‘यामा’ म्हणजे डोंगर हे बहुतेकांना मान्य आहे. ‘तो’ म्हणजे जागा, दार की पायथा, यावर वाद आहे. जपान्यांना स्वतःची लिपी नव्हती. चिनी दरबार या बेटांवरच्या लोकांना ‘वा’ म्हणे आणि त्यासाठी जे चिन्ह वापरी त्यात ‘बुटका’, ‘वाकलेला’ अशी छटा वाचली जाई. यामातो हे नावही प्रथम त्याच चिन्हाने लिहीत. ७१३ साली फर्मान निघाले की स्थलनामे दोन शुभ अक्षरांत लिहावीत. ७३७ पासून दहा वर्षे तर ‘महान सद्गुणांचे पोषण’ अशा अर्थाची तीन भारदस्त चिन्हे वापरून झाली. अखेर ७५७च्या सुमारास ‘वा’ याच उच्चाराचे, पण ‘सलोखा’ अर्थाचे चिन्ह घेऊन त्याच्या आधी ‘महान’ हे चिन्ह जोडले. ही जोडी आजतागायत टिकली. गंमत अशी, की या दोहोंपैकी एकाही चिन्हाचा उच्चार ‘यामा’ नाही की ‘तो’ नाही. जोडी दिसली की ‘यामातो’ म्हणायचे, हे पाठच करावे लागते. नेहमीच्या नियमाने वाचली तर ती ‘दाइवा’ किंवा ‘ताइवा’ होते. म्हणून दाइवा ही रोखे कंपनी आणि मियागी प्रीफेक्चरमधले ताइवा हे गाव कानाला परके वाटले, तरी कागदावर यामातोच असतात. नुसते ‘वा’ हे चिन्हही ‘जपानी’ या अर्थाने रुळले आहे: वाशोकू म्हणजे जपानी जेवण, वाफुकू म्हणजे जपानी पोशाख, वाग्यू म्हणजे जपानी गुरे.

नारा खोऱ्याच्या पूर्व कडेला मिवा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या देवस्थानाला गाभारा नाही, डोंगर हाच देव. जवळच्या माकिमुकु परिसरात तिसऱ्या शतकातल्या मोठ्या वस्तीचे अवशेष सापडले. तिथेच हाशिहाका हा किल्लीच्या भोकाच्या आकाराचा, सुमारे २८० मीटर लांबीचा थडग्याचा टेकाड आहे. चिनी बखरीत उल्लेखलेली, २३९च्या सुमारास चीनच्या वेई दरबारी वकील धाडणारी राणी हिमिको इथेच पुरली असावी, असे काही संशोधक म्हणतात. तिचे राज्य ‘यामाताइ’ म्हणजेच यामातो की क्यूशू बेटावरचे दुसरेच कुठले, हा वाद एदो काळापासून (१६०३–१८६८) चालू आहे. टेकाड राजघराण्याच्या वारशात मोडत असल्याने त्याचा गाभा उकरू देत नाहीत, त्यामुळे वाद मिटण्याची घाईही कोणाला दिसत नाही.

पाचव्या शतकाबाबत पाय अधिक भक्कम जमिनीवर आहेत. तोक्योच्या उत्तरेस साइतामामध्ये इनारियामा टेकाडात १९६८ साली एक लोखंडी तलवार मिळाली. १९७८मध्ये क्ष-किरणांखाली तिच्यावर सोन्याने मढवलेली ११५ अक्षरे उमटली. त्यांत ‘वाकाताकेरू’ या महाराजाचे नाव आहे आणि सामान्यतः ४७१ मानले जाणारे वर्ष. हा राजा म्हणजे सम्राट यूर्याकू असे बहुतेक जण मानतात. याचा अर्थ, खोऱ्यातल्या सत्तेचा हात तोवर शेकडो किलोमीटर लांब पोचला होता. अलीकडचे अनेक पुरातत्त्वज्ञ या राजसत्तेचे नाव मुद्दाम ध्वनिलिपीत, म्हणजे काताकानात, लिहितात. सलोख्याचे चिन्ह आठव्या शतकातले. ते तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या राजांच्या माथी कशाला मारायचे, असा त्यामागचा विचार. तो योग्यच आहे.

पुढे यामातो हा राजधानीलगतच्या पाच प्रांतांपैकी एक झाला. ६९४मध्ये फुजिवारा-क्यो आणि ७१०मध्ये हेइजो-क्यो (नारा) या राजधान्या इथेच वसल्या. ७५२ साली नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन केले ते बोधिसेन या भारतीय भिक्षूने. मेइजी काळात (१८६८–१९१२) प्रांत बरखास्त झाला, पण गावांच्या नावांना चिकटून राहिला: यामातो-ताकादा, यामातो-कोरियामा. दुसऱ्याला ही उपाधी लागते, कारण फुकुशिमातही एक कोरियामा आहे. यामातो-कोरियामाची आजची ख्याती सोनमाशांच्या पैदाशीसाठी आहे.

या नावाचा सर्वांत प्रसिद्ध माणूस दंतकथेतला. यामातो ताकेरू, म्हणजे ‘यामातोचा शूर’, हा राजपुत्र ‘कोजिकी’ (७१२) आणि ‘निहोन शोकी’ (७२०) या दोन्ही ग्रंथांत येतो. कोजिकीतला ताकेरू अंगावर काटा आणतो. स्त्रीवेष घेऊन तो क्यूशूच्या सरदारांच्या मेजवानीत शिरतो आणि त्यांना ठार करतो. हे नाव त्याला बहाल करतो तो मरता मरता त्यांच्यापैकीच एक. बाप मात्र त्याला लगोलग पूर्वेच्या मोहिमेवर धाडतो. परतीच्या वाटेवर आजारी पडून तो खोऱ्यापर्यंत पोचत नाही. ‘हिरव्या डोंगरांच्या कुशीतले यामातो किती सुंदर’ असे गात मरतो आणि पांढरा पक्षी होऊन उडून जातो.

कल्पनांच्या प्रांतात यामातो म्हणजे ‘चिनी नव्हे ते’. चिनी वळणाच्या चित्रांहून वेगळी ती यामातो-ए. चिनीतून आलेले शब्द वगळून उरते ती यामातो-कोतोबा. सहा तारांचे देशी वाद्य ते यामातो-गोतो. यामातो-दामाशी, म्हणजे यामातोची वृत्ती, या शब्दाचा प्रवास सर्वांत बोलका आहे. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘गेंजी मोनोगातारी’ या कादंबरीत नायक गेंजी मुलाच्या शिक्षणाविषयी बोलताना तो वापरतो. तिथे अर्थ आहे साधा व्यवहारी शहाणपणा, ज्याला चिनी विद्येचा पाया हवा. त्यात मर्दुमकीचा लवलेश नाही. अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) या वैद्यकी करणाऱ्या पंडिताने लिहिले, की यामातोचे मन कसे असे कोणी विचारले तर ते सकाळच्या उन्हात उजळणाऱ्या रानचेरीच्या फुलासारखे. ऑक्टोबर १९४४मध्ये फिलिपाइन्समध्ये पहिल्या आत्मघाती विमानपथकांना नावे हवी होती. ती याच कवितेतून उचलली गेली: शिकिशिमा, यामातो, असाही, यामाझाकुरा. एका तरल ओळीचा इतका क्रूर वापर क्वचितच झाला असेल. ‘यामातो नादेशिको’ हे रानफूल आदर्श, सोशिक स्त्रीचे प्रतीक झाले होते. महिला फुटबॉल संघाने ‘नादेशिको जपान’ हे टोपणनाव घेऊन २०११ साली विश्वचषक जिंकला.

जपानी युद्धनौकांना जुन्या प्रांतांची नावे देत, त्यानुसार कुरे इथे बांधलेल्या नौकेचे नाव यामातो ठेवले. १६ डिसेंबर १९४१ रोजी ती आरमारात दाखल झाली. लांबी २६३ मीटर, पूर्ण भाराने सुमारे ७२,००० टन वजन, आणि ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफा. इतक्या मोठ्या तोफांची युद्धनौका दुसऱ्या कोणत्याही देशाने बांधली नाही. पण विमानवाहू नौकांच्या त्या युद्धात तिने बराच काळ नांगर टाकून काढला, आणि आतल्या सोयींमुळे खलाशी तिला ‘हॉटेल यामातो’ म्हणू लागले. (दक्षिण मांचुरिया रेल्वेची खरीखुरी यामातो हॉटेले मांचुरियात होतीच, दालिएनमधल्या हॉटेलाची इमारत अजून उभी आहे.) ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाकडे निघालेली ही नौका अमेरिकी विमानांनी बुडवली, सुमारे ३,००० माणसे गेली. ओकिनावाच्या बोलीत मुख्य बेटांवरच्या, म्हणजे परक्या, माणसाला ‘यामातुंचू’ म्हणतात. ज्यांच्या मदतीला ती निघाली होती त्यांच्या तोंडी तिचे नाव असे होते. १९७४मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका अॅनिमेशन मालिकेत तिचा सांगाडा समुद्रतळावरून उठून अंतराळात गेला. कुरेच्या संग्रहालयात २००५पासून तिची एकदशांश प्रतिकृती आहे.

व्यापारातला यामातो जास्त घरगुती. तोक्योत १९१९मध्ये चार ट्रकांवर सुरू झालेल्या यामातो वाहतूक कंपनीने १९५७मध्ये पिल्लाला तोंडात धरून नेणारी काळी मांजर हे बोधचिन्ह घेतले. १९७६मध्ये तिने घरोघरची पार्सल सेवा काढली. पहिल्या दिवशी ११ पार्सले आली.

परदेशात गेलेले नाव वसाहतींना लागले. १९०४च्या सुमारास जो साकाई याने फ्लोरिडात बोका रॅटनजवळ यामातो वसाहत सुरू केली; अननस पिकवायचे होते. वसाहत विरली, पण यामातो रोड राहिला. अंटार्क्टिकातही यामातो पर्वत आहेत. १९६९ साली जपानी मोहिमेला तिथल्या बर्फावर नऊ उल्का मिळाल्या आणि त्या निरनिराळ्या जातींच्या निघाल्या. म्हणजे एक उल्का फुटून पडली नव्हती. वाहत्या बर्फाने त्या एका जागी गोळा केल्या होत्या. अंटार्क्टिकातला पद्धतशीर उल्काशोध इथून सुरू झाला.

आता दुसरे घराणे, अक्षरांचे. तोक्योतल्या हिगाशियामातो शहराचा नाराशी संबंध नाही. १९१९मध्ये सहा गावे एक झाली तेव्हा ‘मोठा सलोखा’ असावा म्हणून ही चिन्हे निवडली. १९७०मध्ये शहराचा दर्जा मिळताना ‘पूर्व’ हा शब्द पुढे लावला, कारण कानागावात यामातो शहर आधीच होते. त्या कानागावाच्या यामातोची कथाही तीच. १८८९मध्ये एकत्र केलेल्या गावांत भांडणे लागली, म्हणून १८९१मध्ये नवे नाव दिले. अशी सलोख्याची गावे जपानभर पसरली आहेत. उलट कुमामोतोतल्या यामातो गावाने २००५च्या विलीनीकरणात उच्चार ठेवला आणि चिन्हे ‘डोंगर’ व ‘राजधानी’ ही घेतली.

कानागावाच्या यामातोत आयबीएमची प्रयोगशाळा होती. १९९२चा थिंकपॅड संगणक तिथे घडला. पुढे तो व्यवसाय लेनोवोकडे गेला, प्रयोगशाळाही योकोहामाला हलली. नाव मात्र यामातो प्रयोगशाळा हेच राहिले.