लिव्ह अँड लायसन्स करार : अंगठा देण्यापूर्वी मसुदा वाचण्याविषयी

घर किंवा दुकान भाड्याने देताना करावयाच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची ऑनलाइन नोंदणी आमचे कार्यालय ग्राहकांच्या घरी येऊन करून देते. आधार, पॅन, छायाचित्र आणि दोन साक्षीदार लागतात हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. तरीही कामे अडतात आणि बहुतेक वेळा त्याचे कारण एकच असते : मसुदा न वाचता दिलेली संमती. हे पत्रक मुख्यतः त्याविषयी आहे.

मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर काही मिनिटांत 'ओके' किंवा उंचावलेल्या अंगठ्याचे चिन्ह येते. त्यावर विसंबून सरकारी शुल्काचे चलन भरले जाते आणि वेळ ठरते. मग ठसे घेण्यासाठी आमचा प्रतिनिधी यंत्र घेऊन घरी पोहोचला की दुसऱ्या वर्षीच्या भाडेवाढीची, पार्किंगची किंवा 'लॉक-इन (करार मध्येच मोडता न येण्याचा काळ) तर सहा महिन्यांचा ठरला होता' अशी चर्चा सुरू होते. मालक परगावी असेल, तर ती चर्चा फोनवर आणि एजंटमार्फत होते, म्हणजे आणखी लांबते. त्या दिवशी नोंदणी होत नाही, आणि भाडेकरूला मात्र कंपनीच्या एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यासाठी) किंवा मुलाच्या शाळाप्रवेशासाठी नोंदणीकृत प्रत तातडीने हवी असते.

केवळ शब्द बदलायचे असते तर प्रश्न नव्हता. मुद्रांक शुल्क करारातील रकमांवरच ठरते. संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परतीच्या अनामत रकमेवर दरसाल 10 टक्के दराने धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर 0.25 टक्के शुल्क लागते. समजा, मुदत 24 महिन्यांची आहे, पहिल्या वर्षी भाडे दरमहा 18,000 रुपये, दुसऱ्या वर्षी 20,000 रुपये आणि अनामत रक्कम 1,20,000 रुपये आहे. भाड्याची बेरीज 4,56,000, व्याजाचे 24,000, एकूण 4,80,000 आणि शुल्क 1,200 रुपये. नोंदणी शुल्क शहरी भागात 1,000 आणि ग्रामीण भागात 500 रुपये असते. दस्त हाताळणीचे शुल्क निराळे. चलन भरल्यानंतर भाडे किंवा मुदत वाढली, तर उरलेले शुल्क नव्या चलनाने भरावे लागते. कमी झाली, तर परताव्यासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करावा लागतो, ज्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. दस्त नोंदवला गेल्यावर चूक लक्षात आली, तर चूक दुरुस्तीपत्र करून पुन्हा सर्वांनी ठसे द्यावे लागतात.

'आमचे तोंडी ठरले आहे, करार केवळ कागदासाठी' असे सांगणाऱ्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधील कलम 24 लक्षात घ्यावे. त्यानुसार लेखी करारात नमूद केलेल्या गोष्टी हा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदत संपूनही भाडेकरूने राहती जागा सोडली नाही, तर करारात ठरलेल्या मासिक भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणूनच पुढच्या गोष्टी डोळ्यांखालून नीट घालाव्यात : नावांचे आधारप्रमाणे स्पेलिंग, विंग आणि फ्लॅट क्रमांक, सुरुवातीची तारीख, लॉक-इन आणि नोटीस कालावधी, सोसायटीचा देखभाल खर्च कोणाकडे, रंगकामाचे पैसे कापणार का, आणि अनामत रक्कम ताबा देतानाच परत करायची की नंतर. शेवटच्या दोन मुद्द्यांवरून वाद अधिक होतात आणि नेमके तेच परिच्छेद घाईत वगळले जातात.

यासाठी आम्ही मालक व भाडेकरू दोघांकडूनही संमती स्वतंत्रपणे घेतो. केवळ 'ओके' न पाठवता भाडे, अनामत रक्कम, मुदत आणि लॉक-इन या चार गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवाव्यात, अशी विनंती आहे. एजंटने दोघांच्या वतीने कळवलेली संमती आम्ही धरत नाही, आणि दोन्ही संमती आल्याशिवाय चलनही काढत नाही. यामुळे आमच्याकडे काम सावकाश होते असे काहींना वाटते. ज्यांनी एकदा दुरुस्तीपत्र केले आहे, त्यांना तसे वाटत नाही. मसुद्यात संमतीपूर्वी कितीही बदल करावयाचे असल्यास त्याचे शुल्क आम्ही घेत नाही. प्रतिनिधीला दुसऱ्यांदा यावे लागल्यास मात्र फेरीचे शुल्क आकारले जाते.

अकरा महिन्यांचा करार नोटरी करून द्यावा, अशी विचारणा अजूनही होते. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, हा समज नोंदणी अधिनियम, 1908 वरून आला असावा. परंतु महाराष्ट्रात वर उल्लेखिलेल्या 1999 च्या अधिनियमाचे कलम 55 लागू होते आणि त्यात अकरा महिन्यांना सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची असून, ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. त्यामुळे नोटरीचे काम आम्ही घेत नाही.

ठशांच्या दिवशी अडणाऱ्या इतर बाबी किरकोळ आहेत. फ्लॅट पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असेल तर दोघांचेही ठसे लागतात. आधारचे बायोमेट्रिक लॉक केलेले असेल तर ते आदल्या दिवशीच उघडून ठेवावे. ज्येष्ठांचे अंगठे यंत्र वाचत नाही तेव्हा इतर बोटे घेऊन पाहतो; थोडा वेळ हाताशी ठेवावा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे हे नोंदणीपेक्षा वेगळे काम असून, मालकाने सांगितल्यास तेही ऑनलाइन भरून देतो.

मुदत संपण्यापूर्वी महिनाभर आम्ही आठवण करून देतो. त्याच भाडेकरूसोबत पुढे जायचे असले तरी करार नवा होतो आणि ठसे पुन्हा द्यावे लागतात. जुना मसुदा आमच्याकडे जपलेला असल्याने बदललेल्या रकमा आणि तारखा तेवढ्या लिहून पाठवाव्यात.