ओळखचोरी

ओळखचोरी : एखाद्याचे नाव, ओळखक्रमांक, पासवर्ड, सही, मोबाइल क्रमांक किंवा बोटाचा ठसा त्याला न विचारता वापरून, आपण तोच माणूस आहोत असे भासवून पैसा, कर्ज, सिमकार्ड किंवा दुसरा काही लाभ उपटण्याचा गुन्हा. इंटरनेटच्या आधीही हा गुन्हा होत होता. तेव्हा गुन्हेगाराला माणसांसमोर उभे राहावे लागे. आता बहुतेक वेळा यंत्रासमोर उभे राहिले की भागते. ही नोंद मुख्यतः भारतातील ओळखचोरीविषयी आहे.

‘चोरी’ हा शब्द इथे पुरता बसत नाही. कायद्यातल्या चोरीच्या व्याख्येनुसार जंगम मालमत्ता मालकाच्या ताब्यातून हलवली जावी लागते. ओळखचोरीत काहीच हलत नाही. आधार क्रमांक मालकाकडेही राहतो आणि चोराकडेही. पाकीट मारले गेले की खिसा चाचपताना कळते. ओळख गेल्याचे कळते ते सहा महिन्यांनी वसुलीवाल्याचा फोन आल्यावर.

मराठीत याहून नेमका शब्द पूर्वीपासून आहे : तोतयेगिरी. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणत एक इसम प्रकटला. सुखनिधान नावाच्या या कनोजी ब्राह्मणाला पेशव्यांनी चौकशी करून कैदेत टाकले. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणात बंड उभारले आणि त्याच वर्षअखेर पुण्यात त्याला देहदंड झाला. या तोतयाची खरी अडचण ही, की भाऊंना जवळून पाहिलेली माणसे हयात होती. चेहरा, बोलण्याची ढब, घरातल्या जुन्या गोष्टी, सगळ्याची परीक्षा होई. बँकेच्या सर्व्हरने खातेदाराला कधीच पाहिलेले नसते. काही आकडे, जन्मतारीख आणि ओटीपी जुळला की त्याच्या लेखी समोरचा माणूस खरा.

भारतात या आकड्यांत सर्वांत वजनदार ठरला तो आधार क्रमांक. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. ज्यांच्याकडे धड एकही कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हा त्यामागचा हेतू. पुढे बँक, सिमकार्ड, गॅस, शिधापत्रिका, पॅन असे एकेक दार त्याला जोडत गेले. क्रमांक एक आणि दारे अनेक, असे झाल्यावर तो क्रमांक गुप्त ठेवायचा की सगळीकडे दाखवायचा, हा प्रश्न कोणी धड सोडवला नाही. व्यवहारात तो सगळीकडे दाखवला जातो. लॉजवर खोली घेताना आधार, भाडेकराराला आधार, लग्नाच्या कार्यालयाची अनामत भरताना आधार. ‘व्हॉट्सॲप करा की, काय बिघडतं?’

झेरॉक्सच्या कोणत्याही दुकानात पाहिले तर याचे चित्र समोरच दिसते. गिऱ्हाईक ई-आधारची पीडीएफ दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवते, दुकानदार ती उघडतो. फाइलला पासवर्ड असतो : नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. दुकानदाराला तो सांगावाही लागत नाही; नाव विचारले, वयाचा अंदाज घेतला की दोन-तीन प्रयत्नांत फाइल उघडते. प्रिंट निघते, गिऱ्हाईक जाते, फाइल संगणकातच राहते. शेजारी आणखी शंभर असतात. प्रतीवर तिरप्या रेघा मारून मध्ये ‘फक्त सिमकार्डसाठी’ असे लिहून तारीख-सही करण्याची जुनी सवय काही लोकांना आहे, आणि ती चांगली आहे. पण पीडीएफवर रेघ कोण मारणार?

२७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो, असे पत्रक काढले. दोनच दिवसांनी, २९ मे रोजी, सरकारने ते मागे घेतले आणि नागरिकांनी नेहमीची काळजी घ्यावी एवढेच सांगितले. नेहमीची काळजी म्हणजे काय, हे ज्याने त्याने ठरवायचे. फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार आणि तात्पुरता आभासी क्रमांक या सोयी आहेत, पण ‘पूर्ण आकडे दिसत नाहीत, चालणार नाही’ असे सांगून ते परत करणारी खिडकीही आहे.

चोरलेल्या ओळखीचा सगळ्यात सोपा उपयोग कर्जासाठी होतो. २०२२ च्या सुरुवातीला अनेकांना आपल्या पॅनवर कोणीतरी ॲपवरून छोटी कर्जे उचलल्याचे सिबिल या पतमाहिती कंपनीच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात दिसले. रक्कम हजारात, हप्ता थकलेला, पत्ता भलत्याच राज्यातला. अशा चार कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागणारे थोडे. तक्रार केल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दुसरा उपयोग बोगस कंपन्यांचा : मजुराच्या पॅनवर जीएसटी नोंदणी होते, कागदोपत्री कोट्यवधींची उलाढाल होते आणि नोटीस येते ती झोपडीच्या दारात.

सिम-स्वॅपमध्ये चोर मोबाइल क्रमांकच ताब्यात घेतो. मालकाच्या नावाची खोटी कागदपत्रे दाखवून ‘सिम हरवले, दुसरे द्या’ म्हणून दुकानातून नवे सिम घेतले जाते. ते सुरू होताच जुने मरते आणि ओटीपी नव्यावर येऊ लागतात. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईतल्या एका व्यापाऱ्याला रात्री उशिरा सहा मिस्ड कॉल आले. सकाळी पाहतो तर फोनला नेटवर्क नाही, आणि खात्यातून २८ व्यवहारांत १ कोटी ८६ लाख रुपये गेलेले. चोर हे सगळे रात्रीच करतात याला कारण आहे. दिवसा नेटवर्क गेले तर माणूस दुकानात जाऊन भांडतो. रात्री तो झोपलेला असतो. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस तो क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे संचार साथी संकेतस्थळावर पाहता येते. एका माणसाला साधारणपणे नऊ सिम घेता येतात. यादीत अनोळखी क्रमांक सापडणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

या सगळ्यात क्रूर प्रकार बोटाच्या ठशाचा. गावाकडे बँकमित्राच्या, म्हणजे बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाच्या, हातातल्या छोट्या मशीनवर आधार क्रमांक सांगून बोट टेकवले की पैसे मिळतात. कार्ड नको, पिन नको, ओटीपी नको. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय खरोखर मोठी आहे. पण जमिनीच्या खरेदीखतावर अंगठे असतात, आधार क्रमांकही असतो, आणि काही राज्यांत असे दस्त नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही उतरवून घेता येत होते. २०१८ मध्ये तेलंगणात पोलिसांनी पकडलेल्या एकाने या दस्तांवरून रबरी ठसे तयार करून सिमकार्डे सुरू केली होती. पुढे हरियाणापासून कर्नाटकापर्यंत सिलिकॉनच्या बोटांनी खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे नोंदले गेले. गंमत अशी, की आयुष्यभर खुरपे-कोयता चालवून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्या मजुराला मशीन परत पाठवते. त्याच्या जुन्या दस्तावरून पाडलेले सिलिकॉनचे बोट मात्र स्वीकारते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचाच आहे का हे तपासणारी पद्धत सुरू केली. ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोयही आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. माणसाला बोटे दहाच.

ओळखीची चोरी खातेदाराचीच होते असे नाही, बँकेचीही होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर पडलेला दरोडा हे त्याचे उदाहरण. एटीएममध्ये कार्ड घातले की ‘कार्ड खरे आहे का, पैसे द्यायचे का’ अशी विचारणा बँकेच्या यंत्रणेकडे जाते. चोरांनी मध्ये एक तोतया यंत्रणा बसवली. ती बँकेच्या नावाने प्रत्येक विचारणेला ‘द्या’ म्हणत राहिली. शनिवारी, ११ ऑगस्टला, बनावट कार्डे घेतलेल्या माणसांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले, भारतातून आणखी अडीच कोटी. १३ तारखेला बँका परदेशी पैसे पाठवायला वापरतात त्या स्विफ्ट संदेशांतून सुमारे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. खातेदारांच्या शिलकीला हात लागला नाही, बुडाले ते बँकेचे. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. ही बहुतेक एटीएमसमोर उभी राहिलेली माणसे होती. पुण्याचा या इतिहासाशी संबंध त्याहून जुना आहे. २००५ मध्ये इथल्या एका कॉल सेंटरमधल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकन बँक ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले आणि त्यांचे पैसे पुण्यातल्या खात्यांत वळवले. तिथे हॅकिंग असे काही नव्हतेच.

अलीकडे तोतयेगिरी उलटी फिरली आहे. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये, म्हणजे फोनवरच अटक केल्याचे भासवून पैसे उकळण्याच्या प्रकारात, चोर पोलिसाची, सीमाशुल्क अधिकाऱ्याची, कधी न्यायाधीशाची ओळख घेतो. व्हिडिओ कॉलवर मागे पोलीस ठाण्याचा पडदा, अंगावर गणवेश, आणि पहिले वाक्य बहुधा हेच : ‘तुमच्या आधार कार्डावर दुसऱ्याने सिम घेतलंय, त्यावरून गुन्हा झालाय.’ ओळखचोरीची भीती हेच हत्यार. ज्याने दहा ठिकाणी आधारची झेरॉक्स दिली आहे त्याला हे खोटे वाटणार तरी कसे? निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतच आयुष्य घालवलेली माणसे यात सापडली, याचे नवल करण्यासारखे काही नाही. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्ट नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ साली दुरुस्ती झाली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून कलम ६६क (इंग्रजी क्रमाने ‘सी’) लागू झाले. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा अन्य विशिष्ट ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. लगतचे ‘डी’ कलम संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्यासाठी आहे, शिक्षा तेवढीच. गुन्हा जामीनपात्र आहे आणि तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, त्यामुळे छोट्या ठाण्यात तक्रार घेऊन गेलेल्याला ‘सायबरला जा’ असे ऐकावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरीने फसवण्याला (कलम ३१९) पाच वर्षांपर्यंत कैद आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवून सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे.

कागदावर नागरिकाची बाजू भक्कम आहे. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल तर ग्राहकाला भुर्दंड नाही. दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. प्रत्यक्षात मात्र खिडकीवर पहिला प्रश्न येतो : ‘ओटीपी कोणाला सांगितला होता का?’ नाही म्हटले तरी ते लिहून द्यावे लागते, मग एफआयआरची प्रत, मग अर्ज, मग पुन्हा आधारची झेरॉक्स. तोतयाने एका रात्रीत सिद्ध केलेली ओळख खऱ्या माणसाला महिनोन्महिने सिद्ध करत बसावे लागते. १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यांत अडवता येतात, आणि त्याने खरेच पैसे वाचले आहेत. त्याची दुसरी बाजू अशी, की चोरीच्या साखळीतले शंभर-दोनशे रुपये यूपीआयने आलेल्या भाजीवाल्याचे खातेही गोठते.

मृतांच्या ओळखीचा प्रश्न वेगळाच. आधार क्रमांक माणसाबरोबर आपोआप संपत नाही. जुलै २०२५ पर्यंत प्राधिकरणाने एक कोटीहून अधिक मृतांचे क्रमांक बंद केले होते, आणि त्याच सुमारास घरच्यांना मृत्यूची माहिती ऑनलाइन कळवण्याची सोय झाली. पण पुष्कळ घरांत गेलेल्या वडिलांचा मोबाइल मुद्दाम चालू ठेवला जातो, दर महिन्याला रिचार्ज केला जातो, कारण गॅसचा, बँकेचा, विम्याचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. रिचार्ज थांबला तर क्रमांक बंद होतो आणि किमान ९० दिवसांनी कोणा अनोळखी माणसाला मिळतो. मग वडिलांच्या खात्याचे मेसेज त्याच्या फोनवर येऊ लागतात, आणि त्याने तर काहीच चोरलेले नसते.