सीपीआरला न्या की सीपीआर द्या?

कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हटलं की छातीवर ठेवलेले दोन हात कुणाला आठवत नाहीत. आठवतो तो टाऊन हॉलसमोरचा दगडी दवाखाना. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणून सीपीआर. संस्थानच्या काळात त्याचं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं आणि नव्या राजवाड्याचा आराखडा करणाऱ्या मेजर मँटनेच त्याचाही आराखडा केला होता. आज ही नावं कुणाच्या तोंडात नाहीत. ‘अपघात झाला, सीपीआरला नेलं’, ‘मामा सीपीआरात ॲडमिट हाईत’ एवढंच ऐकू येतं. रिक्षावाल्यालाही तीन अक्षरं पुरतात.

दुसरा सीपीआर म्हणजे कार्डिओपल्मनरी रिससिटेशन. हृदय थांबलेल्या माणसाची छाती बाहेरून दाबत राहायची आणि त्या दाबाने थोडंफार रक्त मेंदूपर्यंत ढकलत राहायचं, एवढीच ही क्रिया. १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी ती जगापुढे मांडली. त्यांच्यातले कौवेनहोवेन मुळात डॉक्टर नव्हतेच, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. या कामाला दोन हातांपलीकडे काही लागत नाही, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

दोन गोष्टींचं नाव एक निघालं, यात नुसती गंमत वाटेल. फोनवर मात्र ती गंमत राहत नाही. महाराष्ट्रातली १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली आणि तिचे फोन पुण्यातल्या नियंत्रण कक्षात जातात. आता असं धरून चला, की रात्री साडेदहाला शिवाजी पेठेतल्या एका घरात तात्या जेवून उठता उठता कोसळले. पोराने १०८ लावला.

“तात्या पडल्यात. हाक मारली तर बोलंनात!”

“श्वास नीट चालू आहे का?”

“चालू हाय की. घोरल्यागत कराय लागल्यात.”

“दादा, लगेच सीपीआर सुरू करा.”

“व्हय, तिकडंच नेतोय. रिक्षा आलीया दारात.”

हा संवाद माझ्या मनातला आहे, पण यातलं प्रत्येक वाक्य कोल्हापुरात खरोखर निघू शकतं. एकाच शब्दाने सांगणारा तात्यांना जमिनीवर ठेवतोय आणि ऐकणारा उचलून दाराबाहेर काढतोय.

मग कुणाला सीपीआरला न्यायचं आणि कुणाला सीपीआर द्यायचा? ज्याला आपण ‘ॲटॅक आला’ म्हणतो, त्यात हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. हृदय धडधडत असतं. माणूस शुद्धीवर असतो, घामाने डबडबतो, छातीवर दगड ठेवल्यागत वाटतंय म्हणतो. त्याची छाती दाबायची नाही. त्याला बसवायचं, चालवायचं नाही, गाडी बोलवायची आणि दवाखाना गाठायचा. इथे पहिला सीपीआर. हृदय थांबणं ही वेगळी गोष्ट. त्यात माणूस बोलत नाही, हलवलं तरी जागा होत नाही, आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. छाती दाबली नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी उतरते, असा साधारण हिशेब आहे. इथे दुसरा सीपीआर, आणि तोही पडल्या जागी. ॲटॅक आलेल्याचं हृदय वाटेतही थांबू शकतं, म्हणून ‘आत्ता तर बोलत होते’ या वाक्यावर विसंबता येत नाही.

फोनवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. नाडी बघा म्हणून सांगण्यातही अर्थ नसतो, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचीच धडधड बोटांत लागते. म्हणून अमेरिकेत, विशेषतः सिएटलच्या किंग काउंटीत, हे काम दोन प्रश्नांवर आणलं गेलं. माणूस शुद्धीवर आहे का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं की तिसरा प्रश्न नाही, थेट दाबायला सुरुवात. वय, शुगर, गोळ्या, कालचा रिपोर्ट, सगळं नंतर.

सगळी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि त्यातही ‘नेहमीसारखा’ या शब्दात. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं मेंदूच्या तळाशी उरलेली धुगधुगी अधूनमधून एखादा आचका देववते. तोंड उघडतं, हनुवटी वर जाते, घशातून घोरल्यासारखा किंवा कण्हल्यासारखा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक आचका. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्या साधारण दहांपैकी चौघांत हे आढळल्याची नोंद आहे. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे. तो फोनवर तसंच सांगतो आणि तिकडचा माणूस सांगणाऱ्यावर विश्वास ठेवून बसला, तर वेळ हातातून जातो.

खरं तर आपल्या भाषेला हा श्वास चांगला ठाऊक आहे. ‘ऊर्ध्व लागला’, ‘घरघर लागली’ असं आपणच म्हणतो. फरक एवढाच, की आपल्या घरात ऊर्ध्व लागला म्हणजे कारभार आटोपला. कुणीतरी तुळशीचं पान आणि पाणी आणायला उठतं, कुणी बाहेरगावच्या लेकीला फोन लावतं. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या बाबतीत ते योग्यही असेल. पण दहा मिनिटांपूर्वी भाकरी मोडणारा माणूस धाडकन पडून आचके देतोय, तर तीच घरघर सांगत असते की मेंदू अजून पुरता गेलेला नाही. त्या तोंडात पाणी घालायचं नाही. फोनवरचा माणूस चतुर असला तर तो विचारतो, “पुढचा श्वास आला की मला ‘आला’ म्हणा.” दोन ‘आला’मधली शांतता मोजली की त्याला कळून चुकतं.

अजून एक चकवा म्हणजे झटके. हृदय थांबल्यावर सुरुवातीला काही क्षण हातपाय ताठरतात, थरथरतात. घरच्यांना फिट वाटते आणि कांदा नाहीतर चप्पल नाकाशी येते. थरथर थांबल्यावर माणूस भानावर येत नसेल आणि श्वासही नीट नसेल, तर कांदा बाजूला ठेवा.

आता प्रत्यक्ष दाबणं. फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवायचा. माणूस पलंगावर असेल तर खाली फरशीवर घ्यायचा, कारण गादीवर दाबलं तर गादीच दबते. छातीच्या मधोमध एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात. तालमीत जोर मारताना कोपर वाकतं, इथे वाकवायचं नाही. हात सरळ ठेवून खांद्याचा भार सोडायचा. खोली पाच सेंटिमीटर, म्हणजे भीती वाटेल एवढी. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. फोनवरचा माणूस ‘एक, दोन, तीन, चार’ मोजतो आणि तुम्हालाही मोठ्याने मोजायला लावतो. ही निव्वळ हिंमत देण्याची युक्ती नाही. तुमच्या मोजण्यावरून त्याला तुमचा वेग आणि दम दोन्ही ऐकू येतात. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. पैलवानही यात दमतो.

तोंडाने श्वास द्यायचा का, हा प्रश्न घरोघरी अडतो. याचीही परीक्षा सिएटलमध्येच झाली. फोनवरून काहींना फक्त छाती दाबायला सांगितलं, काहींना श्वासासह. २००० साली निकाल आला तेव्हा फक्त दाबलेल्यांपैकी १४.६ टक्के आणि श्वासासह दाबलेल्यांपैकी १०.४ टक्के लोक दवाखान्यातून जिवंत घरी गेले होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठाम ठरला नाही, पण अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसासाठी नुसतं दाबणं कमी पडत नाही, एवढं दिसलं. बुडालेल्यांचं आणि लहान मुलांचं वेगळं. पंचगंगेतून काढलेल्या पोराचं हृदय बहुतेक वेळा हवेअभावी थांबलेलं असतं, तिथे श्वास द्यावाच लागतो. म्हणून पाण्यातून काढलंय, हे फोनवर पहिल्या वाक्यात सांगा.

आणि ‘हृदय चालू असलं आणि आम्ही दाबलं तर?’ किंग काउंटीतच हेही तपासलं गेलं. हृदय चालू असताना फोनच्या सांगण्यावरून छाती दाबली गेलेल्यांपैकी सुमारे दोन टक्क्यांना हाड मोडण्यासारखी इजा झाली. आतल्या अवयवाला इजा कुणालाच नाही. बरगडीवर प्लॅस्टरही लागत नाही, ती आपली आपण जुळून येते. मला हा सौदा महाग वाटत नाही.

राहिली ती दारातली रिक्षा. तिला दोष नाही, पोराच्या मायेलाही नाही. पण रिक्षाच्या सीटवर आडवं करायला जागा नाही, खाली टणक काही नाही. गाडीत ‘तात्या, तात्या’ म्हणत गाल थोपटण्यापलीकडे काही होत नाही, आणि महाद्वार रोडची गर्दी सगळ्यांना ठाऊक आहे. रिक्षावाल्यालाच आत बोलवा, दोन मिनिटांनी त्याची पाळी. गल्लीतलं एक पोरगं कोपऱ्यावर उभं करा, कारण पुण्यात बसलेल्याला तुमचं तालमीजवळचं घर ठाऊक नसतं. तात्या हलले, नीट श्वास घेऊ लागले, किंवा गाडीतल्या लोकांनी ‘आता आम्ही बघतो’ म्हटलं, की हात काढा.

मग गाडी भाऊसिंगजी रोडला लागेल. शेजारी विचारतील, “कुठं नेलं?”

“सीपीआरला.”

आता बरोबर.