चारपैकी एकच टायर का बसतो?

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी गाडी लगेच बसत नाही. टायरच्या आतल्या अंगाला ब्युटाइल रबराचा थर असतो. तो थर आणि वरचं जाड रबर मिळून खिळ्याला आवळून धरतात, हवा अगदी थोडी थोडी निसटत राहते. गाडी चालू असते तेव्हा खिळा हलतो आणि गळती वाढते. उभ्या गाडीत कधीकधी ती थांबतेसुद्धा. नुसतं बघून काही कळत नाही, कारण रेडियल टायर पूर्ण हवेतही खाली थोडा फुगलेलाच दिसतो. त्यात ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आहे की २७, हे सांगणारी नजर मला तरी अजून भेटलेली नाही. साधा प्रेशर गेज बरा.

पण गेजवरचा आकडा कमी दिसला म्हणजे पंक्चरच, असंही नाही. धडधाकट टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा रबरातून झिरपते. शिवाय थंडी. ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंशांत ३३ पीएसआय हवा भरली आणि डिसेंबरच्या पहाटे नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला पारा १० अंशांवर आला, तर तोच टायर २९ दाखवेल. एक बुडबुडाही बाहेर न जाता! हवा गार झाली की दाब उतरतो, इतकंच. मात्र थंडी चारही टायरना सारखीच लागते. तेव्हा एकट्या आकड्याकडे न बघता चौघांची तुलना करायची. चारही तीन-चारने उतरले असतील तर ऋतू बदललाय. तीन ३१ वर आणि एक २६ वर असेल, तर त्या एकात काहीतरी आहे.

हे मोजमाप सकाळी, गाडी हलवण्याआधी करायचं. आपण नेमकं उलट करतो: हायवेला लागतो, तासभर पळवतो आणि पेट्रोल पंपावर हवा बघतो. तोवर टायर २५ अंशांनी तापला असेल, तर दाब साडेतीन पीएसआयने चढलेला असतो. गळका टायर तिथे ‘३२, ओके’ म्हणून पास होतो. हवा कमी झाल्याचा इशारा देणाऱ्या डॅशबोर्डवरच्या दिव्यावरही फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत पाव भाग हवा गेल्याशिवाय तो पेटत नाही.

गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं. आधी व्हॉल्व्हचं टोपण काढून तोंडावर थेंब टाका. बुडबुडा फुगला तर आतली पिन सैल आहे किंवा खराब झाली आहे, काम फुटकळ. मग व्हॉल्व्हच्या बुडाशी, नंतर ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागावर), शेवटी रिमच्या काठावर. खड्ड्यात आपटून रिम किंचित वाकली किंवा तिथे गंज धरला, तर टायरची कड नीट बसत नाही. अशा वेळी पंक्चरवाला ‘खिळा नाही, साहेब’ म्हणून परत पाठवतो आणि चार दिवसांनी टायर पुन्हा उतरतो.

खिळा दिसला तर रस्त्यात उपटू नका, सध्या तोच बूच आहे. हवा भरून हळू चालवत दुकान गाठा. हवा अगदीच उतरली असेल तर स्टेपनी लावा. कमी हवेवर टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते, वाकून तापते, आणि तापलेल्या रबरापासून आतले धागे सुटू लागतात. वेगात टायर फुटण्यामागे बऱ्याचदा हीच उष्णता असते.

भोकात बाहेरून चिकट रबरी दोरी खुपसणं पाच मिनिटांत होतं, पण टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात बसणाऱ्या देठाचं, छत्रीसारखं ठिगळ) लावणं जास्त भरवशाचं, कारण तेव्हाच टायरचं पोट दिसतं. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर पॅचचा हट्ट नको, तो भाग सतत वाकतो. आणि टायर उघडल्यावर आतून रबराची काळी भुकटी सांडली, तर तो कमी हवेवर फार चाललाय, आतली भिंत घासून खलास झालीय. मग भोक कितीही बारीक असो, टायर बदलायचा.